तार तुटली, तरी निरोप पोहोचला

शाळेत अंतःस्रावी ग्रंथींचा धडा सुरू झाला की फळ्यावर बहुधा एक तक्ता येतो. डावीकडे ग्रंथीचे नाव, मध्ये संप्रेरकाचे नाव आणि उजवीकडे त्याचे कार्य. पीयूषिका, अवटू, अधिवृक्क, स्वादुपिंड, वृषण, अंडाशय अशी ही यादी असते. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत जोड्या जुळवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. या तक्त्याखाली एक व्याख्याही असते. ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवाकडे जाणारा व तेथे आपला परिणाम घडविणारा रासायनिक पदार्थ म्हणजे संप्रेरक.

गंमत अशी की ज्या पदार्थाच्या शोधातून ही व्याख्या व ‘हॉर्मोन’ हा शब्द जन्माला आला, त्याचे नाव या तक्त्यात सहसा नसते. तो पदार्थ तक्त्यातल्या कोणत्याही ग्रंथीतून येत नाही. तो येतो लहान आतड्याच्या अस्तरातून आणि त्याचे नाव सिक्रेटिन.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘सर, निरोप रक्तातून जातो हे कळले कसे? रक्तात तर काहीच दिसत नाही.’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर मिळायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. त्या काळात एकाने योग्य प्रयोग केला, पण तो कोणी मनावर घेतला नाही. दुसऱ्याने योग्य कल्पना मांडली, पण ती पारखण्यात तो चुकला. प्रयोग आणि कल्पना यांची गाठ १९०२ साली लंडनमध्ये पडली. त्याचीच ही हकिकत.

गटिंगेनचे सहा कोंबडे

गोऱ्ह्याला खच्ची केले की त्याचा बैल होतो आणि न केल्यास वळू, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. वृषणे काढली की जनावराचा बांधा व स्वभाव बदलतो, हे माणसाला हजारो वर्षे ठाऊक आहे. प्रश्न होता तो ‘कसे?’ हा. वृषणे असतात एका ठिकाणी आणि बदल होतो मानेत, आवाजात, वागण्यात. इतक्या दूर परिणाम पोहोचतो कोणत्या वाटेने?

जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठातील आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी १८४९ साली या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी सहा कोवळे कोंबडे घेतले. दोघांची वृषणे काढून टाकली. उरलेल्या चौघांत एक वृषण मूळ जागेवरून सोडवून पोटाच्या पोकळीत ठेवले. त्यांतल्या काहींच्या पोटात तर स्वतःचे नव्हे, दुसऱ्याच कोंबड्याचे वृषण ठेवले. पहिल्या दोघांचे तुरे खुरटले, ते धड आरवेनात, भांडेनात, कोंबड्यांच्या मागे लागेनात. उरलेले चारही मात्र चांगले ऐटबाज कोंबडे झाले.

पुढे बर्टहोल्ड यांनी पोट उघडून पाहिले. वृषणे आतड्याला चिकटून वाढली होती. त्यांना नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, पण जुने मज्जातंतू पुन्हा जोडले गेले नव्हते. म्हणजे मज्जातंतूंवाचून परिणाम होत होता. उरली वाट रक्ताची. वृषणे रक्तावर परिणाम करतात आणि रक्त सगळ्या शरीरावर, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आज हा प्रयोग वाचताना वाटते की संप्रेरकांचा शोध इथेच लागला. पण तसे झाले नाही. त्यांच्याच विद्यापीठातील एका सहकाऱ्याला तो प्रयोग पुन्हा जमला नाही. स्वतः बर्टहोल्डही इतर कामांकडे वळले आणि चार पानांचा तो लेख पुढची पन्नास-साठ वर्षे जवळजवळ विस्मृतीत गेला. निरीक्षण अचूक असले तरी ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे इतरांना उमगले नाही, तर ते असे पडून राहते.

वैद्यांची वाट

दरम्यान दुसऱ्या बाजूने माहिती गोळा होत होती. १८५५ साली फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी दाखवले की यकृत दोन प्रकारचा माल तयार करते. पित्त नलिकेवाटे आतड्यात सोडते आणि साखर थेट रक्तात. या दुसऱ्याला त्यांनी ‘अंतर्गत स्राव’ म्हटले. साखर हा निरोप नव्हे, ते इंधन. पण अवयव रक्तात काहीतरी सोडू शकतो, ही कल्पना त्यामुळे रुजली. त्याच वर्षी लंडनचे डॉक्टर टॉमस ॲडिसन यांनी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी बिघडल्यामुळे होणाऱ्या जीवघेण्या आजाराचे वर्णन केले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये टेओडोर कोखर यांना आढळले की गलगंडासाठी संपूर्ण थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, काढलेले रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचतात, पण नंतर सुजतात, मंद होतात. १८८३ साली त्यांनी हे जाहीर केले.

यातून एक पद्धत तयार झाली. ग्रंथी काढा, काय बिघडते ते पाहा. मग त्या ग्रंथीचा अर्क द्या, बिघाड दुरुस्त होतो का ते पाहा. दोन्ही बाजू जुळल्या, तरच काही म्हणता येते.

या पद्धतीचे यश १८९१ साली दिसले. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी थायरॉइडच्या अभावाने सुजलेल्या व मंदावलेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. काही महिन्यांत ती हिंडू-फिरू, बोलू लागली. ही बाई पुढे १९१९ पर्यंत, म्हणजे आणखी अठ्ठावीस वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या थायरॉइड ग्रंथी लागल्या.

अपयश, किंवा खरे म्हणजे फसगत, त्याच्या दोनच वर्षे आधी पॅरिसमध्ये झाली होती. शार्ल ब्राऊन-सेकार हे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ. अधिवृक्क ग्रंथी काढल्यास प्राणी जगत नाहीत, हे त्यांनी १८५६ सालीच दाखवले होते. प्रत्येक अवयव रक्तात काहीतरी उपयुक्त सोडत असावा, ही त्यांची कल्पना काळाच्या पुढे होती. १८८९ साली वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांनी कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा पाण्यात काढलेला अर्क स्वतःला टोचून घेतला आणि वैज्ञानिकांच्या सभेत सांगितले की आपली ताकद परत आली, कामाचा उत्साह वाढला, जिना भरभर चढता येऊ लागला.

माणूस प्रामाणिक होता. पण वृषणातले संप्रेरक पाण्यात फारसे विरघळत नाही आणि वृषण त्याचा मोठा साठाही करत नाही. त्यांच्या अर्कात ते नाममात्रच असणार. बरे वाटले ते बरे वाटेल या अपेक्षेने. तुलनेसाठी नुसते पाणी टोचलेला दुसरा कोणी नव्हता आणि प्रयोग करणारा व प्रयोग होणारा माणूस एकच होता. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि अर्कांचा बाजार सुरू झाला. आपल्याकडे भिंतींवर दिसणाऱ्या ‘गेलेली शक्ती परत मिळवा’ छापाच्या जाहिराती याच मोहावर जगतात. मेंढीच्या थायरॉइडने मात्र काम केले, कारण ती ग्रंथी आपले संप्रेरक साठवून ठेवते आणि परिणाम बाईच्या सांगण्यावर नव्हे, सर्वांना दिसणाऱ्या बदलावर ठरला होता.

आतड्याचा निरोप

तरीही मूळ प्रश्न सुटला नव्हता. ग्रंथीच्या अर्काने परिणाम होतो हे दिसले. पण धडधाकट शरीरात, नेहमीच्या कामकाजात, एक अवयव दुसऱ्याला रक्तातून निरोप धाडतो का? तेव्हाच्या बहुतेक जाणकारांचे उत्तर होते, ‘निरोप धाडायला मज्जातंतू आहेत की!’ ते एकोणिसावे शतक होते. देशोदेशी तारा टाकल्या जात होत्या आणि मज्जासंस्थेकडे तारायंत्रासारखे पाहिले जात होते. ठिणगी इकडून निघते, तिकडे पोहोचते.

या मताचे सर्वांत समर्थ पुरस्कर्ते होते रशियातील इवान पावलोव्ह. पचनावरच्या कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सेंट पीटर्सबर्गच्या त्यांच्या प्रयोगशाळेत १८९४ साली डोलिन्स्की यांना दिसले की आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आम्ल पोहोचले की स्वादुपिंडातून रस वाहू लागतो. व्यवस्था सोयीची आहे. जठरातले अन्न आम्लाने माखलेले असते, स्वादुपिंडाचा रस अल्कधर्मी असतो आणि तो आम्ल मारतो. पण आम्ल आल्याची खबर स्वादुपिंडाला मिळते कशी? पावलोव्ह यांचे उत्तर होते, प्रतिक्षिप्त क्रियेने. आतड्यातून मज्जातंतूवाटे खबर जाते आणि दुसऱ्या मज्जातंतूवाटे आज्ञा येते.

हे तपासायचे तर तार तोडून पाहायची. फ्रान्समधील वेर्थायमर व लपाज यांनी तसे केले. मेंदूकडून व मज्जारज्जूकडून येणारे तंतू तोडल्यावरही रस आलाच. मग आम्लच रक्तात शिरून काम करते की काय, म्हणून त्यांनी आम्ल थेट रक्तात सोडले. रस आला नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की रक्ताचा संबंध नाही, आतडे व स्वादुपिंड यांच्यामध्ये आणखी कुठेतरी छोटा, जवळचा मज्जामार्ग शिल्लक राहिला असला पाहिजे.

इथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. या तर्कात चूक कुठे आहे? आम्ल स्वतः निरोप्या नाही, एवढेच त्या प्रयोगाने सिद्ध झाले. आम्ल लागल्यावर आतड्याचे अस्तर दुसराच एखादा पदार्थ रक्तात सोडत असेल, ही शक्यता तशीच राहिली.

१६ जानेवारी १९०२

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग हे दोघे एकत्र काम करत. बेलिस यांची पत्नी ही स्टार्लिंग यांची बहीण, म्हणजे दोघे मेहुणे. स्वभाव मात्र वेगळे. बेलिस सावकाश, नीटस, बारकाव्यांत रमणारे. स्टार्लिंग उतावळे आणि झटपट उडी घेणारे. याच कॉलेजात सात-आठ वर्षांपूर्वी ऑलिव्हर व शेफर यांनी अधिवृक्क ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने वाढतो हे दाखवले होते. रक्तात सोडलेला एखादा अर्क दूर जाऊन काम करतो, ही गोष्ट तेथे परकी नव्हती.

१६ जानेवारी १९०२ रोजी त्यांनी भूल दिलेल्या कुत्र्यावर प्रयोग केला. स्वादुपिंडाच्या नलिकेत बारीक नळी बसवली, म्हणजे येणारा थेंब मोजता येईल. आद्यांत्रात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडताच रस येऊ लागला, साधारण दर वीस सेकंदांना एक थेंब. इथवर पावलोव्ह यांचेच निरीक्षण.

मग त्यांनी लहान आतड्याचा पुढचा एक तुकडा दोन्ही टोकांना बांधून वेगळा केला आणि त्याकडे जाणारे सारे मज्जातंतू काळजीपूर्वक तोडले. उरली फक्त एक रोहिणी व एक नीला. तार तुटली, रक्ताची वाट तेवढी चालू. या तुकड्यात आम्ल सोडले. जवळचा छोटा मार्ग असलाच, तर तोही आता बंद होता, म्हणजे रस यायला नको. पण साधारण दोन मिनिटांत तो पूर्वीसारखाच येऊ लागला.

त्या दुपारी तेथे हजर असलेल्या एका सहकाऱ्याने पुढची हकिकत लिहून ठेवली आहे. ‘मग ही रासायनिक प्रतिक्षिप्त क्रियाच असणार’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून स्टार्लिंग यांनी आतड्याचा आणखी एक तुकडा कापला, त्याचे आतले अस्तर खरवडले, ते वाळू आणि सौम्य आम्ल घालून घोटले, गाळले आणि तो गाळीव अर्क कुत्र्याच्या मानेतील शिरेत टोचला. साधारण मिनिटभराने स्वादुपिंडातून रस येऊ लागला आणि तोही सुरुवातीच्या दुपटीहून अधिक वेगाने.

ब्राऊन-सेकार यांच्याशी याची तुलना करून पाहा. इथे थेंब मोजले होते. नुसत्या आम्लाने काही होत नाही, हे आधीच माहीत होते. पुढच्या प्रयोगांत त्यांनी आतड्याच्या शेवटच्या भागातील अस्तराचाही अर्क करून पाहिला, त्याने रस आला नाही. म्हणजे कोणत्याही मांसाच्या अर्काने हे होते असे नव्हते. अर्क उकळला तरी त्याचा गुण टिकत होता. या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन असे नाव दिले.

बातमी सेंट पीटर्सबर्गला पोहोचली. पावलोव्ह यांनी एका सहायकाला तोच प्रयोग आपल्यासमोर करायला सांगितला. रस आला. ते काही न बोलता आपल्या खोलीत गेले आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन म्हणाले की त्यांचे बरोबर आहे, सत्य शोधण्याचा मक्ता काही आपण एकट्याने घेतलेला नाही, अशी आठवण त्यांच्या शिष्याने सांगितली आहे. आयुष्यभराचे मत बाजूला ठेवायला त्यांना अर्धा तास पुरला.

या यशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. स्वादुपिंडाच्या याच संशोधनात वापरलेल्या एका तपकिरी कुत्र्यावर बेलिस यांनी १९०३ च्या फेब्रुवारीत विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक केले. त्याला पुरेशी भूल नव्हती, असा जाहीर आरोप झाला. बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला व जिंकला. न्यायालयाने दोन हजार पौंड भरपाई देवविली. पण लोकांच्या मनातला प्रश्न मिटला नाही. १९०६ साली लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचे स्मारक उभे राहिले, त्यावरून दंगे झाले आणि १९१० साली ते हलवले गेले. आपल्या तक्त्यातील जवळजवळ प्रत्येक ओळीमागे अशी जनावरे आहेत. वर्गात ही गोष्ट लपवू नये.

शब्द आणि त्याचा अर्थ

१९०५ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रथम वापरला. तो ‘चेतवणे, चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून केंब्रिजमधील एका जाणकाराने सुचवला होता. आपला ‘संप्रेरक’ हा शब्द त्याच अर्थाचा. पुढे कळले की सारीच संप्रेरके चालना देत नाहीत. सोमॅटोस्टॅटिनसारखी काही लगाम घालतात. शब्द मात्र टिकला.

शब्दामुळे झाले असे की सुटी पडलेली निरीक्षणे एका सूत्रात आली. अधिवृक्कातील ॲड्रिनॅलिन, थायरॉइडचा अर्क, बर्टहोल्ड यांचे कोंबडे, सगळ्यांचा अर्थ एकदम लागला. पुढे १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोत मधुमेही मुलाला इन्शुलिन टोचले गेले, तेव्हा स्वादुपिंडाचा अंतर्गत स्राव शोधणाऱ्यांसमोर ही चौकट तयार होती.

सिक्रेटिनचे काम आज आपल्याला तपशिलाने माहीत आहे. तो २७ अमिनो आम्लांचा एक छोटा रेणू आहे. जठरातून आलेले आम्ल लागले की आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या काही पेशी तो रक्तात सोडतात. स्वादुपिंड बायकार्बोनेटने भरलेला पाणीदार रस सोडते, आम्ल उदासीन होते आणि आम्ल संपले की सिक्रेटिन सुटणेही थांबते. ज्या कारणाने निरोप निघाला, ते कारणच निरोपाने नाहीसे केले. शरीरातील बहुतेक संप्रेरकांचे प्रमाण अशाच उलट्या नियंत्रणाने सांभाळले जाते. ते समजावण्यासाठी याहून सोपे उदाहरण नाही.

विद्यार्थी हमखास विचारतात की रक्त तर सगळीकडे जाते, मग फक्त स्वादुपिंडच का जागे होते? त्यांना गावातल्या दवंडीचे उदाहरण द्यावे. तार एकाच पत्त्यावर जाते. दवंडी सगळ्या गावाला ऐकू येते, पण ‘पाटाच्या पाण्याची पाळी’ म्हटल्यावर उठतो तो शेतकरीच. ज्या पेशींवर त्या संप्रेरकाला नेमके बसणारे ग्राहक रेणू असतात, त्यांच्यापुरताच तो निरोप. बाकीच्यांच्या दारावरून तो नुसता जातो. म्हणूनच संप्रेरकाचा निरोप मज्जातंतूपेक्षा सावकाश पोहोचतो, पण एकाच वेळी अनेक ठिकाणी पोहोचू शकतो.

मग पावलोव्ह चुकले का? पूर्णपणे नाही. अन्न पाहिल्यावर, त्याचा वास आल्यावर मेंदूकडून व्हेगस मज्जातंतूवाटे स्वादुपिंडाला खरोखरच आज्ञा जाते. तार आहे आणि दवंडीही आहे. पुढे तर मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस स्वतःच संप्रेरके सोडून पीयूषिकेला चालवतो, हे सिद्ध झाले. त्यासाठी लाखो मेंढ्यांच्या व डुकरांच्या मेंदूंतून चिमूटभर पदार्थ वेगळा काढणाऱ्या गिल्मँ व शॅली यांना १९७७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. तारघरातच दवंडीवाला बसलेला निघाला!

पुढच्या वेळी हा धडा घ्याल तेव्हा तक्ता जरा उशिरा लिहा. आधी फळ्यावर आतड्याचा एक तुकडा काढा, त्याची एक रोहिणी, एक नीला दाखवा आणि मज्जातंतूंवर काट मारा. सांगा की आम्ल घातले आणि रस आला. नुसते आम्ल रक्तात घातले तर रस येत नाही, हेही सांगा. मग विचारा, ‘आता तुम्ही पुढचा प्रयोग कोणता कराल?’ उत्तर यायला वेळ लागेल. घाई करू नका. वेर्थायमर आणि लपाज यांनाही ते सुचले नव्हते.